मुंबईच्या गच्चीवरून आकाशाचे फोटो: काय निघतं, काय नाही?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. जुने धागे चाळताना इथे खगोलवाले बरेच दिसले, म्हणून विचारतो.

मुलुंड पूर्वेला सात मजली जुनी इमारत आहे, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मिळते. उत्तरेला नवा टॉवर उभा राहतोय, त्याच्या क्रेनवर रात्रभर फ्लडलाइट. खाडीच्या अंगाला जरा मोकळं आहे. सामान म्हणाल तर क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५, एक ५० मिमी एफ १.८ आणि भावाने वापरून कंटाळलेली ७०-३०० झूम. ट्रायपॉड आहे, पण वारा सुटला की डुलतो.

बजेट ४० हजार. दुकानदार '५२५ पट' लिहिलेली दुर्बीण गळ्यात मारतोय. मित्र म्हणतो मुंबईत हा छंदच वाया, पैसे एफडीत टाक. लेक आठवीत आहे, तिला मृगातला तेजोमेघ हवाय आणि तोही नेटवरून उतरवलेला नको, 'आपण काढलेला' हवा. खरंच काय काय निघतं इथून? पहिला पैसा कशावर घालू?

तिखटमीठ
मुंबईत आकाश असतं? आमच्याकडे फक्त समोरच्या विंगचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. असो, वाचतोय. जाणकार येतीलच.

दुर्बीणवाली
@मुलुंडकर, त्या दुकानातून आधी बाहेर पडा. दुर्बिणीचा व्यास जेवढे मिमी, त्याच्या दुप्पट ही उपयोगी पटीची वरची हद्द. ६० मिमीच्या नळीची झेप १२० पटींपर्यंत. ५२५ पटीला गुरू मोठा दिसेल, पण त्यावर एक पट्टा दिसणार नाही. शिवाय तिच्यासोबत येणारा स्टँड तुमच्या ट्रायपॉडपेक्षा जास्त डुलतो.

मित्राचं अर्धं खरं आहे. शहराचा उजेड आकाशाची पार्श्वभूमी उजळवतो, त्यामुळे त्या पार्श्वभूमीहून फिकं जे काही आहे ते बुडतं. चंद्र, गुरू, शनी, मंगळ हे तिच्याहून कैक पटींनी उजळ. त्यांना मुलुंड काय आणि लडाखचं हानले काय, सारखंच. म्हणून सुरुवात चंद्रापासून करा, तुमच्या ७०-३०० वर.

फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेले मिमी) ११० ने भागलं की सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल ते कळतं. ३०० मिमीला जेमतेम २.७ मिमी. कमी वाटेल, पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर तेवढ्यात जवळजवळ ७०० पिक्सेल येतात आणि विवरं छान सुटी दिसतात. पौर्णिमा टाळा, तेव्हा ऊन समोरून पडतं आणि सावल्याच नसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर ॲपेनाइन पर्वतरांग उठून दिसते, दशमीच्या सुमारास कोपर्निकस. एफ ८, आयएसओ २००, १/१२५ पासून सुरू करा. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून. शटर टायमरवर, आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

आता लेकीचा तेजोमेघ. ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसताना ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं, आणि क्रॉप सेन्सर असेल तर त्या लेंग्थला आधी १.५ ने गुणायचं. येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवता येतं. ५० मिमीला साडेसहा सेकंद, २०० मिमीला दीड सेकंद. त्याच्या पुढे तारे लांबट होतात, कारण आकाश सेकंदाला १५ विकला (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक विकला) सरकतं. म्हणजे २०० मिमीवर दीड-दीड सेकंदाच्या शेकडो फ्रेम घ्या, सगळ्या रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), आणि सिरिल किंवा डीपस्काय स्टॅकरमध्ये एकावर एक रचा. दोन्ही फुकट आहेत. फ्रेम चौपट केल्या की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दुप्पट होतं. एम ४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ, इतका उजळ आहे की मुंबईतून त्याचे पंख, रंगासकट, निघतात. तो १,३०० हून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे हे लेकीला सांगायला विसरू नका.

मग मुंबईत राहून नुकसान कशात? वेळात. गावाकडच्या काळ्या आकाशापेक्षा इथलं आकाश ३ मॅग्निट्यूडने (तेजस्वितेची प्रत, एका प्रतीला अडीच पट फरक) उजळ धरलं, तर पार्श्वभूमीचा उजेड १६ पट. फिकट वस्तूचा तिथे तासाभरात येणारा फोटो तितकाच स्वच्छ हवा असेल तर इथे १६ तास लागतात. थोडक्यात, मुंबईत पैशापेक्षा रात्री जास्त खर्च होतात.

आकाशकंदील
दुर्बीणवाली ताई, दंडवत, पण शेवटच्या परिच्छेदात तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. १६ तास गच्चीवर डास मारत बसण्यापेक्षा अमावास्येच्या शनिवारी कर्जत लोकल पकडा. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू आहेत. नवख्याने एकदा तरी जावं, शेजारच्याची दुर्बीण पाहूनच निम्म्या शंका फिटतात. वांगणीलाही आता बदलापूर-अंबरनाथच्या अंगाला आकाश पांढरं असतं, पण दक्षिणेला वृश्चिक-धनु बघताना अजून मजा येते. गाडी असेल तर माळशेजच्या पुढे जा.

दुर्बीणवाली
@आकाशकंदील, जावंच. पण पावसाळ्याचे चार महिने वजा करा, उरलेल्या अमावास्यांतल्या ढगाळ वजा करा, लग्नकार्यं वजा करा. वर्षाला किती रात्री उरल्या? ती गच्ची एक जिना चढून आहे. आणि हात तिथेच बसतो. वांगणीला पोहोचल्यावर अंधारात मेनू शोधणारे बघितलेत मी.

बोरिवलीकर
+१. अंधारातली रात्र मेनू शिकण्यात घालवू नये.

पंपहाऊस
मी माउंटवाला (दुर्बीण-कॅमेरा पेलून फिरवणाऱ्या बैठकीचा) माणूस, त्यामुळे लेन्सवर बोलणार नाही.

गच्चीचा स्लॅब हलतो. आपल्याला कळत नाही, ३०० मिमीला कळतं. लिफ्टची मशीन रूम वर असेल तर लिफ्ट थांबताना प्रत्येक वेळी फ्रेम जाते. टाकीचा पंप सुरू असेल तोवर चहा प्यायचा. जागा निवडताना स्लॅबच्या मधोमध उभं राहू नका, खाली कॉलम येतो तो कोपरा शोधा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, मधला दांडा वर काढू नका, आणि हुकाला पाण्याची पाच लिटरची बाटली टांगा. ती लोंबकळू देऊ नका, जमिनीला किंचित टेकलेली ठेवा, नाहीतर वाऱ्यात तीच झोके देते.

४० हजारांत ट्रॅकर बसतो आणि मुलुंडकरांसारख्यांनी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत. दुर्बीण नंतर. दीड सेकंदाची फ्रेम ३०-६० सेकंदांची होते. पण मुंबईत एक खास अडचण आहे. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायचा असतो आणि ध्रुव तारा जागेच्या अक्षांशाएवढाच वर असतो. आपल्याकडे १९ अंश, म्हणजे हात लांब करून दोन मुठींहून कमी. तुमच्या उत्तरेला टॉवर, त्यामुळे तो दिसणारच नाही. दक्षिणेकडच्या गॅलरीवाल्यांचं तर विचारूच नका.

यावर उतारा आहे. नीना नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये आकाशातल्या तीन ठिकाणचे फोटो घेऊन, त्यातले तारे ओळखून, अक्ष किती चुकलाय ते कळतं. ध्रुव दिसायची गरज नाही. त्याला लॅपटॉप जोडावा लागतो, एवढंच. लॅपटॉप नसेल तर फोनचं होकायंत्र आणि कोनमापक ॲप वापरून अंदाजे लावा. ५० मिमीला चालून जातं. होकायंत्र मात्र लोखंडी रेलिंगपासून लांब धरा.

आणि मोठा माउंट घ्यायची वेळ आली तर अक्षांशाची खालची मर्यादा बघून घ्या. बऱ्याच माउंटांचं डिझाइन ४०-५० अंशांवरच्या गिऱ्हाइकासाठी असतं. १९ अंशांवर वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला थडकतो.

तिखटमीठ
'पंप सुरू असेल तोवर चहा प्यायचा'. हा छंद जमेल असं वाटायला लागलंय.

गॅलरीबुवा
एवढा सगळा खटाटोप कशाला? सीस्टार एस ५० घ्या. ५० मिमी व्यास, २५० मिमी फोकल लेंग्थ, आत कॅमेरा, आत फिल्टर, फोनवर बटण दाबलं की स्वतः वस्तू शोधतो आणि स्वतःच फ्रेम रचतो. मी घाटकोपरला गॅलरीत ठेवतो आणि आत बसून मॅच बघतो. मुलुंडकरांच्या बजेटच्या बाहेर जाईल, पण ट्रॅकर, नवा ट्रायपॉड, इंटर्व्हलोमीटर (ठरावीक वेळाने शटर दाबणारा रिमोट), असं करत करत तेही बाहेरच जाणार आहेत.

पंपहाऊस
मग फोटो कोणी काढला? बुवांनी की डब्याने?

गॅलरीबुवा
डीएसएलआर घेऊन तुम्ही काढता तेव्हा शटर तुम्ही दाबता का? इंटर्व्हलोमीटर दाबतो. माझ्या आईला गुडघ्यांमुळे गच्ची चढवत नाही, तिने पलंगावर बसून टॅबवर डम्बेल तेजोमेघ हळूहळू उमटताना बघितला. मला एवढं पुरे.

दुर्बीणवाली
दोघांचंही बरोबर, भांडू नका. एक सांगते, सीस्टारमधल्या सुट्या फ्रेम साठवून ठेवायची सोय आहे, ती चालू करा आणि नंतर सिरिलमध्ये स्वतः रचून बघा. फोनवर दिसतं त्याहून चांगलं निघतं आणि हातही चालतो. ज्याला आकाश बघायचंय त्याने डबा घ्यावा. ज्याला खटपटीचीच आवड आहे, त्याने ट्रॅकर. मुलुंडकरांची लेक कुठल्या गटातली आहे ते त्यांनाच ठाऊक.

कृत्तिका७
फिल्टरचं कोणीच बोललं नाही. डीएसएलआरला लाइट पोल्युशन फिल्टर घ्यावा का? जाहिरातीत तर जादू दाखवतात.

दुर्बीणवाली
रस्त्यावर पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा त्याला अर्थ होता. त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, तेवढा पट्टा कापला की काम फत्ते. आता सगळीकडे पांढरे एलईडी. त्यांचा उजेड ४५० च्या निळ्या शिखरापासून लाल रंगापर्यंत पसरलेला. तो कापायला गेलात तर ताऱ्यांचाही कापला जातो.

उपयोग आहे तो अरुंद पट्ट्याच्या फिल्टरचा. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला चमकतो, ऑक्सिजन ५००.७ ला. फक्त एवढंच आत सोडलं की मुंबईचा बहुतेक उजेड दाराबाहेर. पण साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे बसवलेली काचच ६५६ चा बराच भाग अडवते, म्हणून तो कॅमेरा आधी उघडून ती काच बदलून घ्यावी लागते. आणि दीर्घिकांना याचा फायदा शून्य, त्यांचा उजेड ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. देवयानी दीर्घिकेचा मुंबईतून गाभा येतो, बाहेरच्या कडा येत नाहीत. तिच्यासाठी माळशेजच.

निशाचर
ग्रहांबद्दल लिहितो, माझा तोच प्रांत.

ग्रहाचा फोटो काढत नाहीत, व्हिडिओ काढतात. हवा सतत थरथरते, पण मधूनच एखादा क्षण ती स्थिर होते. मिनिटाभरात काही हजार फ्रेम घ्यायच्या, ऑटोस्टॅकर्टमध्ये टाकायच्या, तो त्यातल्या सर्वांत स्वच्छ १०-२० टक्के निवडून रचतो. मग रजिस्टॅक्समध्ये धार काढायची. सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आणि साधा प्लॅनेटरी कॅमेरा एवढ्यावर गुरूचे पट्टे, मोठा लाल डाग, शनीच्या कड्यातली कॅसिनी फट निघते. डॉब हाताने ढकलत राहावा लागतो, सवय होते.

गुरू साधारण ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. मोठ्या दुर्बिणीतून दोन-तीन मिनिटांच्या पुढे व्हिडिओ नेला की डाग पुसट व्हायला लागतो. विनज्युपोस वापरून ते फिरणं उलटं करता येतं, पण ते पुढचं.

हवा कुठली चांगली? इथे मुंबईवाल्यांनी समुद्राला धन्यवाद द्यावेत, बऱ्याच रात्री वरची हवा शांत असते. बिघडवते ती आपली इमारत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. गॅलरीखाली एसीचे बाहेरचे युनिट असतील तर त्या झोतातून ग्रह बघू नका, उकळत्या पाण्याच्या तळाला पडलेलं नाणं बघितल्यासारखं दिसतं. पहाटे चारनंतरची हवा बहुधा सर्वांत चांगली. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवायची, आतली हवा बाहेरच्याइतकी होऊ द्यायची.

तारखा लिहून ठेवा: फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघांचीही प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून मोठा आणि रात्रभर दिसतो) आहे, दहा दिवसांच्या आत. मंगळ या खेपेला लहानच, सुमारे १४ विकला, गुरू त्याच्या तिप्पट. गुरूवरच हात साफ करा.

बोरिवलीकर
विमानांचं काय करता? आमच्याकडे कमी, पण मुलुंड-घाटकोपरला रांगच असते.

निशाचर
स्टॅक करताना 'सिग्मा क्लिपिंग' निवडा, एकाच फ्रेममध्ये आलेली रेघ आपोआप गाळली जाते. विमान, उपग्रह, घार, सगळं. चंद्रावरून जाणारं विमान मात्र मुद्दाम पकडायला मजा येते. आणि एक: हिरवा लेसर घेऊन गच्चीवर कोणी जाऊ नये. विमान उतरण्याच्या वाटेखाली तो वर मारणं धोक्याचं आहे, वैमानिकाचे डोळे दिपतात आणि पोलीस घरी येतात.

साबुदाणा
धाग्याशी संबंधित, पण जरा तापलेला विषय. नरिमन पॉइंटवरून काढलेला, मलबार हिलच्या दिव्यांवर आकाशगंगेचा अख्खा गाभा असा फोटो सगळीकडे फिरतोय. 'मुंबईत पण दिसते, फक्त बघणारे डोळे हवेत' वगैरे मथळा. खरा असेल का?

दुर्बीणवाली
नाही. उजेडाचं सोडा, दिशाच चुकली. नरिमन पॉइंटवरून मलबार हिल वायव्येला येतो. आकाशगंगेचा गाभा धनु राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला. मुंबईत तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला साधारण ४२ अंशांपर्यंत चढतो, नैऋत्येला मावळतो. वायव्येला तो जन्मात जाणार नाही. शिवाय गाभा रात्रभर असतो तो जून-जुलैत, तेव्हा मुंबईकरांच्या डोक्यावर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

गॅलरीबुवा
कलाकृती म्हणून बघावं की. दोन फोटो जोडले तर बिघडलं काय?

दुर्बीणवाली
जोडा, खाली तसं लिहा. न लिहिल्यामुळे काय होतं, तर नवा माणूस मरीन ड्राइव्हला ट्रायपॉड लावतो, नारिंगी धुकं मिळतं, आणि कॅमेऱ्यालाच खराब ठरवून विकून टाकतो. दोन सेकंड हँड कॅमेरे मला अशाच मंडळींकडून स्वस्तात मिळालेत, त्यामुळे तक्रार करताना थोडी लाजच वाटते.

आकाशकंदील
एआयची धार काढणारी टूल्सही याच रांगेत. ग्रहावर नसलेले तपशील काढून देतात. निशाचरांच्या रजिस्टॅक्समध्ये निदान फ्रेममध्ये असलेलंच वर येतं.

पंपहाऊस
सामान सांभाळायचं कोणी लिहिलं नाही. मुंबईत लेन्स चोरीला जाण्याआधी तिला बुरशी लागते. कातड्याच्या बॅगेत, कपाटात ठेवली की एका पावसाळ्यात आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. काच कोरली गेली की पुसून जात नाही. ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के राखा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. तांदूळ ठेवू नका, पीठ उडतं. थंडीत गच्चीवर दवही पडतं, लेन्सभोवती यूएसबीचा गरम पट्टा गुंडाळा. गच्चीवरून खाली आल्यावर कॅमेरा लगेच बंद बॅगेत कोंबू नका.

साबुदाणा
अवांतर: सोसायटीत कोणी हरकत घेत नाही का? आमच्या इथे दुर्बीण काढली की 'कोणाच्या खिडकीत बघतो' सुरू.

बोरिवलीकर
आमच्याकडे कोजागिरीला सुटला हा प्रश्न. दुधाला सगळे गच्चीवर येतातच. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून काही खास नसतो, पण हल्ली त्या दिवसांत शनी असतो. कमिटीच्या काकूंनी कडं बघितलं, दोनदा रांगेत येऊन बघितलं, आणि आता गच्चीचा दिवा बंद करायला वॉचमनला त्याच सांगतात. मार्च २०२५ मध्ये कडं अगदी कडेने दिसत होतं, आता ते पुन्हा उघडत चाललंय, त्यामुळे पुढची काही वर्षं दाखवायला सोपं.

मुलुंडकर
सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवली आहे. ट्रॅकर मागवलाय, दुर्बीण रद्द. तोवर ५० मिमीवर कृत्तिका करून बघितल्या, सिरिलमध्ये रचल्या. तारे टोचल्यासारखे आलेत, निळे दिसतात, लेक खूश. पण चित्राचा वरचा उजवा कोपरा नारिंगी आणि चारही कडा काळपट. शिवाय तीन ठिकाणी राखाडी डाग आहेत, प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. क्रेनच्या दिव्यामुळे का?

दुर्बीणवाली
तीन वेगळी दुखणी आहेत. नारिंगी कोपरा क्रेनचा, तो ग्रॅक्सपर्टने किंवा सिरिलमधल्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने जाईल. लेन्सला हूड लावा, नसेल तर काळ्या कागदाची नळी. काळपट कडा लेन्सच्या. राखाडी डाग सेन्सरवरच्या धुळीचे. शेवटच्या दोघांना औषध एकच, फ्लॅट फ्रेम, म्हणजे सगळीकडे सारख्या उजेडाचा फोटो; त्यावरून सिरिल हे दोष काढतो. लेन्ससमोर पांढरा टी-शर्ट ताणून धरा, सुरकुती नको, त्यावर टॅबचा पांढरा स्क्रीन. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) मध्यावर येईल असं शटर ठेवून २०-२५ फ्रेम घ्या. आयएसओ आणि ॲपर्चर तेच, फोकसला हात लावायचा नाही, लेन्स काढून पुन्हा लावायची नाही. शहरात फ्लॅट टाळले तर पुढे रंग ताणताना हेच डाग दहा पट दिसतात.

ज्यांचे फ्लॅट राहिले त्या फ्रेम टाकू नका. आज रात्री कॅमेरा आहे तसाच, फोकस न हलवता ठेवला असेल तर फ्लॅट आत्ताही घेता येतील.

मुलुंडकर
लेन्स लावलेलीच आहे, फोकस रिंगला टेप मारली होती. टी-शर्ट शोधतो.

पंपहाऊस
टेप मारली होती? तुम्ही आमच्यातले. रॉ फाइल्स ड्राइव्हवर टाका, मीही रचून बघतो.